बैल हरवायला सतरा हजार शब्द?

यावेळची पाचही पत्रं जवळपास एकाच गोष्टीवरची आहेत. मुलांसाठी कादंबरी लिहायला घेतली आणि शब्दांचा हिशोब कुठंतरी फसला, कुणाचे जास्त झाले, कुणाचे कमी, कुणाला मोजताच येत नाहीत. पहिल्या पत्राला जागा जास्त दिलीय, बाकीच्यांनी रागावू नका, तुमचीही थोडी थोडी उत्तरं त्यातच आहेत.

प्रश्न : ताई नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यावर झेडपीच्या शाळेत आहे, चौथी-पाचवीला शिकवतो. पोट्ट्यांसाठी एक कादंबरी लिहून राहिलो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी घरचा बैल कोठ्यात नाही आणि दहा वर्षाचं पोरगं त्याला शोधायला निघतं, अशी गोष्ट. कुठंतरी वाचलं होतं का मुलांच्या कादंबरीला 25 हजार शब्द पुरे होतात. माझे 41 हजार 300 झाले, 19 चॅप्टर झाले, अन् गोष्ट आत्ता कुठं अर्ध्यावर आली, बैल काही सापडून नाही राहिला. बायको म्हणते आधी कापा मग पुढे लिहा. मले वाटते आधी पुढे लिहावं. काय करू?

उत्तर : भाऊ, तुमचं पत्र आलं तेव्हा मी उत्तर दिलं नव्हतं, उलट तुम्हालाच काम लावलं होतं, की एका कागदावर तीन रकाने पाडा, पहिल्यात चॅप्टरचा नंबर, दुसऱ्यात त्यातले शब्द, तिसऱ्यात त्या चॅप्टरमधे पोरानं स्वतः काय केलं ते एका ओळीत. तुम्ही बिचाऱ्यांनी ते करून फोटो पाठवला. खरं सांगते, तो फोटो पाहिल्यावर 41 हजारांची काळजी माझ्या डोक्यातून निघूनच गेली, कारण दुखणं दुसरीकडेच आहे.

तुमच्याच कागदावरचं तुम्हाला वाचून दाखवते. बैल नाहीसा होतो आठव्या चॅप्टरला. त्याच्या आधी 16 हजार 800 शब्द. त्यात गाव आलं, नदी आली, शाळा आली, आबाजींची जवानी आली, एकट्या पोळ्याला 6 हजार 200 शब्द, त्यात खांद शेकणं, आवतण देणं, झूल, बेगड, तोरण, झडत्या, सगळं आलंय आणि चांगलंच आलंय, मी वाचताना दोनदा थांबले. मग वडिलांचं कर्ज, बँकेतला साहेब, सातबारा, 2 हजार 900. तिसऱ्या रकान्यात मात्र या सात चॅप्टरपुढं तुम्हीच लिहिलंय, ‘पाहत होता’, ‘ऐकत होता’, ‘आबाजीसोबत होता’. पोरानं स्वतः काही केलंच नाही सात चॅप्टर.

आणि आता पुढचं बघा. पोरगं एकटं, खिशात वीस रुपये, पायी बैलबाजाराला निघतं, तो चॅप्टर 1 हजार 100 शब्दांचा. सीझन नाही म्हणून बंद असलेल्या कापसाच्या जिनिंगच्या आवारात रिकाम्या बंडीखाली रात्र काढतं, ते 700 शब्द. सातशे! पोळ्याच्या झुलीला त्याहून जास्त दिलेत तुम्ही. जिथं पोरगं एकटं पडलं तिथंच तुमचे शब्द आटले, आणि जिथं दहा मोठी माणसं बोलत बसलीत तिथं पूर आलाय.

असं का होतं ते मला चांगलं ठाऊक आहे, मीही हेच करून बसलीय. जे आपल्याला पाठ असतं ते हात आपोआप लिहीत सुटतो, पोळा तुम्ही चाळीस वर्ष पाहिला, तो सहा हजार शब्द काय साठ हजार शब्द लिहाल. पण दहा वर्षाचं पोरगं रात्री एकटं बंडीखाली झोपलं तर त्याला काय ऐकू येईल, तहान लागली तर काय करेल, कुत्रं आलं तर काय करेल, हे आपल्याला पाठ नसतं, बसून विचार करावा लागतो, मग आपण ‘कशीबशी रात्र काढली’ असं लिहून मोकळे होतो आणि पुढच्या सकाळी उजाडतं. माझ्या पहिल्या कादंबरीत आजीच्या चुलीवर अकरा पानं होती. अकरा. 52 हजार शब्दांचं बाड मी एका प्रकाशकाकडे नेलं तर त्यांनी हातात तोलून बघितलं, उघडलंसुद्धा नाही, म्हणाले बाई एवढ्या जाडीचं पुस्तक पोराला कोण घेऊन देईल. मला सहा महिने राग होता. मग एका रविवारी जुन्या हजेरीपटाच्या मागच्या कोऱ्या पानावर हेच तीन रकाने पाडले, आणि राग कुणावर काढायचा तेच कळेना.

आता त्या जाडीचा हिशोब पण सांगून टाकते, कारण आपल्याकडे प्रकाशक शब्दांत बोलत नाही, फर्म्यात बोलतो. एक फर्मा म्हणजे 16 पानं. नेहमीच्या डेमी साईजचं पुस्तक, मुलांसाठी म्हणून अक्षर जरा मोठं, तर एका पानात सव्वादोनशेच्या आसपास शब्द बसतात, मी 220 धरते. सुरुवातीची कोरी-छापील पानं आणि चित्रं यांना मिळून 16 पानं सोडा. म्हणजे 8 फर्म्यांचं, 128 पानांचं पुस्तक असेल तर लिहायला उरली 112 पानं, गुणिले 220, साडेचोवीस हजार शब्दांच्या वर थोडे. तुम्ही वाचलेला 25 हजाराचा आकडा बरोबर इथं बसतो. तुमचं आत्ताचं अर्धं बाड छापलं तरी 13 फर्मे होतात, आणि याच वेगानं पूर्ण केलं तर 25 फर्मे, 400 पानं. ते पोरानं दप्तरात टाकलं तर बंद तुटेल.

इंग्रजीत आठ ते बारा वयाच्या मुलांच्या कादंबऱ्या साधारण 30 ते 50 हजार शब्दांच्या असतात असं नेटवर सगळीकडे सापडतं, ते चूक नाही, पण तो आकडा उचलून मराठीला लावू नका. आपले शब्द गाठोडं बांधून चालतात. ‘टेकडीवरच्या देवळातल्या घंटेचा आवाज’, झाले चार शब्द. हेच इंग्रजीत म्हणायला अकरा लागतात, कारण त्यांचं वरचं, आतलं, चं, ची सगळं सुटं सुटं असतं आणि मोजणारं मशीन फक्त मोकळी जागा बघतं. म्हणून मराठीतले 25 हजार म्हणजे काही बारकं पुस्तक नाही, भरलेलं पुस्तक आहे.

मग कापायचं की लिहायचं. वहिनींची माफी मागते पण तुमचं बरोबर, आधी लिहा. शेवट माहीत नसताना सुरुवात कापणं म्हणजे पाहुणे किती येणार ते माहीत नसताना रोडगे मोजून थापणं. पोळ्यातली कुठली गोष्ट शेवटी लागणार हे शेवट लिहिल्याशिवाय तुम्हाला कसं कळणार? बैलाच्या शिंगाला बांधलेली निळी रिबिन दुसऱ्या चॅप्टरमधे आलीय, मला तर वाटतं बाजारात पोरगं त्याच रिबिनीवरून त्याला ओळखेल, पण तुम्हाला तसं वाटतं की नाही मला माहीत नाही.

पण मोकळं सोडून लिहू नका आता. उरलेल्या गोष्टीला 10 हजार शब्द, बस. हे दहा हजार आधीच वाटून टाका, बैल कुणाकडे आहे ते कळणं, तिथं पोचणं, वडिलांनीच तो विकला होता हे पोराला कळणं (हे तुमच्या पत्रात शेवटून दुसऱ्या ओळीत होतं आणि खरी कादंबरी तिथं आहे भाऊ, मी इथं छापायला नको होतं, पण आता छापलं), आणि घरी येणं. घरी येण्याला कमी द्या. वडील आणि पोरगं समोरासमोर येतात त्याला जास्त द्या, अडीच-तीन हजार दिले तरी चालतील. एखादा प्रसंग लिहिताना वाटलं की हा पसरून राहिलाय तर तिथंच कंसात लिहा ‘इथं बाजाराचं वर्णन’ आणि पुढं चला.

शेवट झाला की मग पंधरा दिवस फाईल उघडू नका, आणि त्यानंतर विळा घ्या. पहिले सात चॅप्टर 16 हजार 800 वरून 3 हजारावर आणायचे. हो, तीन. घाबरू नका, डिलीट काही करायचं नाही, एक दुसरी फाईल बनवा, तिला ‘गंजी’ नाव द्या, कापलेलं सगळं तिच्यात रचून ठेवा, कडब्यासारखं. माझ्या गंजीतल्या त्या अकरा पानांतून पुढे एक स्वतंत्र गोष्ट झाली आणि ती कादंबरीच्या आधी छापून आली. तुमचा पोळा पण तसाच उभा राहू शकतो, पोळ्याच्या वेळी कुठल्याही मासिकाला तो हवाच असतो. मधल्या बारा चॅप्टरांचे साडेचोवीस हजार आहेत, ते 13 हजारावर आणा, आणि हे आणताना बाजाराची वाट आणि जिनिंगची रात्र मात्र वाढवायची, कमी नाही करायची. तीन, तेरा आणि दहा मिळून 26 हजार. आठ फर्म्यांपेक्षा हजार-दीड हजार वर जातंय, ते चित्रांची दोनचार पानं कमी करून आणि वाक्यं घट्ट करून बसतं.

वाक्यं घट्ट करणं म्हणजे काय त्याचा एक नमुना देते. हे तुमचं आहे, आठव्या चॅप्टरचं पहिलं वाक्य :

‘सकाळचे सहा वाजले होते आणि सूर्य हळूहळू पूर्वेच्या क्षितिजावर आपले सोनेरी किरण पसरवत वर येत होता, तेव्हा बारक्या आपल्या अंथरुणातून उठला, त्याने डोळे चोळले, तोंड धुतलं आणि मग तो गोठ्याकडे गेला तेव्हा त्याच्या लक्षात आलं की तिथे त्यांचा बैल नव्हता.’

चाळीस शब्द. मी असं करून पाहिलं :

‘बारक्या डोळे चोळतच कोठ्यात आला. दावं तसंच खुंट्याला. बैल नव्हता.’

दहा. सूर्य कुठे गेला म्हणाल तर सूर्य रोजच उगवतो, पोरगं काही सूर्य पाहायला उठलं नव्हतं. आणि पत्रात तुम्ही ‘कोठा’ लिहिता, कादंबरीत ‘गोठा’ लिहिता, हे असं का? घरी जे म्हणता तेच लिहा, कोठा म्हटलं की वास येतो.

सगळीच वाक्यं अशी छाटू नका मात्र, नाहीतर तार आल्यासारखी कादंबरी होईल. पोरगं बंडीखाली पडलंय, झोप येत नाही, तिथं एखादं लांबच लांब वाक्य पाहिजेच.

तुमच्यापाशी एक गोष्ट आहे जी शहरातल्या लेखकाला पैसे देऊन मिळत नाही, ती म्हणजे चौथी-पाचवीचा वर्ग. शनिवारी सकाळच्या शाळेत एक चॅप्टर वाचून दाखवा. मी मोठ्यानं वाचते तेव्हा मिनिटाला शंभरेक शब्द होतात, म्हणजे दीड हजारांचा चॅप्टर पंधरा मिनिटांत होतो आणि चौथीचं पोरगं तेवढं ऐकतं, त्याच्यापुढे ते पायाची नखं बघायला लागतं. कुठल्या ओळीला खिडकीबाहेर बघणं सुरू झालं तिथं पेन्सिलनं टिंब द्या, काही बोलू नका, विचारू पण नका की आवडलं का, गुरुजींना कोण नाही म्हणेल. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ला प्रकरणं नाही पाडली, रात्री पाडल्या, 42 रात्री, एका रात्रीला ऐकवून होईल तेवढं. शब्द मोजायचं मशीन नव्हतं तेव्हाही माप होतंच की.

प्रश्न : मॅडम, मी गोंदिया जिल्ह्यात अंगणवाडी सेविका आहे. एका मुलीला धानाच्या बांधीत सारस पक्ष्याचं घरटं दिसतं आणि ती ते जपते, अशी कादंबरी लिहिली. संपली पण. मोजले तर फक्त 9 हजार 200 शब्द झाले. माझ्या भावाने सांगितलं की वीस हजाराच्या आत असेल तर कादंबरी म्हणत नाही. मी निसर्गवर्णन वाढवू का?

उत्तर : नाही हो ताई, निसर्गवर्णन अजिबात वाढवू नका. भावाला सांगा असा कुठलाही कायदा नाही. 9 हजार शब्द मोठ्या अक्षरात, भरपूर चित्रांसह, 4 फर्मे म्हणजे 64 पानांचं सुंदर पुस्तक होतं आणि सात-आठ वर्षांच्या मुलांना तेवढंच झेपतं. त्याला दीर्घकथा म्हणा, काहीही म्हणा.

पण तुमची प्रत वाचली आणि मला वाटतं ती नऊ हजारांची गोष्ट नाहीय, तिच्यातलं काही तुम्ही पटकन उरकून टाकलंय. पान 14 वर तुम्ही लिहिता, ‘असाच महिना गेला आणि एक दिवस पिल्लं बाहेर आली.’ अहो, तो महिनाच तर कादंबरी आहे! सारसाची अंडी उबायला साधारण महिना लागतो, बहुतेक दोन अंडी असतात, नर-मादी दोघं आळीपाळीनं बसतात. रोवणी झालेली, बांधीत पाणी, घरटं पाण्याच्या मधोमध. जोराचा पाऊस आला तर? बांधी फुटली तर? निंदायला बायका आल्या तर? कुत्री, कावळे, शेजारचं उनाड पोट्टं, आणि ज्या काकांची बांधी आहे ते म्हणाले की मला खत टाकायचंय, हटवा ते, तर? तुमच्याकडे गावागावांत शेतकरी घरटी राखतात हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता, मग ते गोष्टीत का नाही आलं. तीस दिवस आहेत, त्यातले पाच दिवस निवडा, एकेका दिवसाला दीड हजार शब्द द्या. साडेसात हजार तिथंच झाले, आणि एक शब्द पाणी घातलेला नसेल.

असं करा, अख्खी प्रत घेऊन बसा आणि जिथं जिथं ‘असेच दिवस गेले’, ‘हळूहळू तिला समजलं’, ‘खूप भीती वाटली’ असं असेल तिथं लाल रेघ मारा. प्रत्येक लाल रेघ म्हणजे एक बंद खोली आहे. सगळ्या उघडायच्या नाहीत, ज्या खोलीतून आवाज येतोय तेवढ्याच उघडा. सतरा हजार झाले तर ठीक, बारा झाले तर बारा.

आणि 1971 पासून बालभारतीचं ‘किशोर’ निघतंय, त्याचे जुने अंक नेटवर फुकट वाचायला आहेत, त्यातली तुम्हाला आवडलेली एखादी गोष्ट घ्या आणि शब्द मोजा. एवढ्याशा जागेत किती मावलंय ते पाहून बरं वाटेल.

प्रश्न : मी बुलडाणा जिल्ह्यातला शेतकरी, वय 68. नातवंडांसाठी कादंबरी हातानं लिहून राहिलो, दोन रजिस्टर भरले. मोबाईल वापरतो पण त्यात लिहिणं जमत नाही. शब्द किती झाले हे मोजायचं कसं? एकेक मोजत बसलो तर पेरणी होईन.

उत्तर : काकाजी, एकेक कशाला मोजता, तुम्ही कापसाचा अंदाज घेताना काय एकेक बोंड मोजता काय? मधलं एक पान घ्या, कुठल्याही दहा ओळींतले शब्द मोजा आणि दहानं भागा. समजा ओळीला 9 आले. पानावर ओळी 22. झाले 198, दोनशे धरा. पण असं एकाच पानावर जाऊ नका, एक पान भरगच्च घ्या, एक संवादाचं घ्या, एक मधलं, तिघांची सरासरी काढा. संवादाच्या पानावर निम्मेच शब्द असतात. मग रजिस्टरची लिहिलेली पानं मोजा, खोडलेली सोडा. प्रत्येक प्रकरण संपलं की शेवटच्या ओळीखाली पेन्सिलनं आकडा टाकत चला, म्हणजे पुन्हा मागं जायला नको. पाच-सात टक्के इकडंतिकडं झालं तरी काही बिघडत नाही.

टाईप करायला देणार असाल तेव्हा डीटीपीवाल्याला पहिलं वाक्य हे सांगा की युनिकोडमधे पाहिजे. जुन्या फॉन्टमधे करून दिलं तर दुसऱ्याच्या फोनवर सगळे भलतेच अक्षरं दिसतात. नातवाला फोनमधे बोलून टाईप करायचं दाखवायला सांगा एकदा, गुगलच्या कीबोर्डवर मराठीत बोललं की उमटतं. स्वल्पविराम-पूर्णविराम मागाहून नातवालाच टाकायला लावा, आणि ‘पऱ्हाटी’चं, म्हणजे कपाशीचं, काय करेल ते मशीन ते मात्र बघून घ्या, माझ्याकडे त्यानं ‘पराठे’ केले होते, पूर्ण वावरभर पराठे.

प्रश्न : वरूडकडून लिहितेय, बीए सेकंड इयरला आहे. यूट्यूबवर बघितलं की नोव्हेंबर महिन्यात रोज 1,667 शब्द लिहायचे म्हणजे महिन्यात 50 हजार होतात. मी तीन दिवस केलं, चौथ्या दिवशी बंद पडलं. माझ्यात शिस्त नाहीये का?

उत्तर : शिस्तीचा काय संबंध बाळा. 1999 साली अमेरिकेत काही मंडळींनी ती टूम काढली, पहिल्या वर्षी जुलैमधे, मग पुढच्या वर्षापासून नोव्हेंबरचे 30 दिवस, 50 हजार शब्द, आणि जगभर लोकांनी ती उचलली. तिथला नोव्हेंबर वेगळा. तुझ्या घरी नोव्हेंबरमधे अंबिया बहाराच्या संत्र्याचा तोडा असेल, तो नसेल तर कापूस वेचायचा असेल, हरभऱ्याची पेरणी असेल, वर कॉलेजच्या परीक्षा, आणि त्यात 1,667? आणि मुलांच्या कादंबरीला 50 हजार हवेत कुणाला? तुला 20 हजार लिहायचेत असं धर. रोज 250, म्हणजे वहीचं सव्वा पान, ऐंशी दिवसांत झाले. मधे दहा दिवस खाडा पडला तर नव्वद.

रोज किती झाले हे बघू पण नकोस, आठवड्याला एकदा बघ. रोज आकडा बघितला की आपण आकड्यासाठी लिहायला लागतो, ‘तो गेला’च्या जागी ‘तो हळूहळू पावलं टाकत तिथून निघून गेला’ होतं. आणि मागच्या तीन दिवसांत लिहिलेले साडेचार-पाच हजार आहेत ना, ते फेकू नकोस.

प्रश्न : वर्धा जिल्ह्यातून. माझ्या कादंबरीत पोट्टे एकमेकांशी वऱ्हाडीतच बोलतात, ‘काऊन बे’, ‘हव ना’, ‘मले नाही पायजे’ असं. त्यानं शब्द वाढतात का? आणि कॉम्प्युटरवरचा आकडा आणि फोनवरचा आकडा वेगळा येतो, खरा कोणता?

उत्तर : दुसरं आधी. दोन्ही मशीनं मोकळी जागा बघून मोजतात, पण बारीकसारीक फरक असतो. संवादाआधी तुम्ही जो डॅश टाकता आणि दोन्हीकडं जागा सोडता, तो एमएस वर्ड शब्द म्हणून मोजतं. पाचशे संवाद असतील तर पाचशे शब्द फुकटचे. सगळीकडे अवतरणचिन्ह करा, मिटलं. फोनवर गुगल डॉक्समधे वरच्या तीन टिंबांत वर्ड काउंट आहे, कॉम्प्युटरवर त्याच गुगल डॉक्समधे कंट्रोल-शिफ्ट-सी, आणि एखादाच चॅप्टर सिलेक्ट करून दाबलं तर तेवढ्याचाच आकडा मिळतो. शेदोनशेच्या फरकासाठी झोप घालवू नका.

वऱ्हाडीनं शब्द फारसे वाढत नाहीत. ‘करतोय’चं ‘करून राहिला’ झालं की एकाचे दोन होतात, एवढंच. पानं मात्र वाढतात, हे कुणी सांगत नाही. ‘हव ना’ दोन शब्द आहेत पण पुस्तकात ते अख्खी ओळ खातात. माझ्या दुसऱ्या पुस्तकात संवाद इतके होते की 18 हजार शब्दांना 6 फर्मे लागतील असं मी धरून चालले आणि लागले सात. म्हणून संवादाची पानं असतील तिथं पानाला 220 नाही, 150-160 धरून हिशोब करा. आणि ‘काऊन बे’च्या ‘बे’ला कात्री लावायला कुणी सांगितलं तर ऐकू नका, तो एक शब्द आहे आणि त्याची एकच ओळ आहे.